घाटावरचा वस्तरा

११ जानेवारी १९३७, सोमवार

नवं छपाईयंत्र आलं. म्हणजे सतरा खोकी आली. त्यांत यंत्र आहे हे एजंटाच्या शब्दावर मानायचं. यंत्र जोडून देणारा माणूसही आजच आला. एजंटाने पत्रात ‘युरोपियन एक्स्पर्ट’ असं लिहिलं होतं, म्हणून मी इस्त्रीचा कोट चढवून, हार घेऊन, नाशिक रोडला दुसऱ्या वर्गाच्या डब्यासमोर उभा राहिलो. एक्स्पर्ट तिसऱ्या वर्गातून उतरला, स्वतःची पेटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन. हार त्याने हातात घेतला, वास घेतला आणि बाहेर येऊन टांग्याच्या घोड्याला घातला. घोड्याने तो खाल्ला.

नाव येन्सन. गाव कोपनहेगन. वय चाळीसच्या आसपास, अंगाने कपाटासारखा, पिवळ्या मिशा. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं आहे, त्यामुळे आमचं जमेल. छापखान्यामागच्या खोलीत सहा आठवडे राहणार. मी ‘साहेब’ म्हणालो तर म्हणाला, मी साहेब नाही, फिटर आहे. नाशकात गोरा माणूस साहेब नसण्याची ही पहिलीच वेळ असावी.

संध्याकाळी त्याने ना आंघोळीचं पाणी मागितलं, ना व्हिस्की. विचारलं, “इथले लोक दाढी कशाने करतात?”

१३ जानेवारी, बुधवार

या माणसाचा एक नेम आहे. परदेशी निघताना तो फक्त आपला वस्तरा बरोबर घेतो. साबण, ब्रश, वाटी, जे काही लागेल ते ज्या देशात जाईल तिथलं, आणि तिथल्या माणसांच्या रोजच्या वापरातलं. पोर्ट सैदला ऑलिव्हच्या तेलाचा साबण घेतला, एडनला कसलीशी माती. हे शहाणपण त्याच्या वडिलांचं, असं म्हणाला. वडील जहाजावर न्हावी होते. मी म्हटलं, छान.

आज मेन रोडवर नेलं. दुकानदाराने गोरी कातडी पाहून इंग्रजी साबणाची कांडी पुढे केली. येन्सन म्हणाला, ही तर माझ्या गल्लीतल्या वाण्याकडे मिळते. मग दुकानदाराने माझ्याकडे अपराधी नजरेने पाहत स्वदेशी वडी काढली, वर चरख्याचं चित्र. येन्सनने लगेच दोन घेतल्या. एक वापरायला काढली आणि दुसरी कागदात गुंडाळून वर देशाचं नाव लिहिलं. म्हणे सगळ्याच वस्तू तो दोन-दोन घेतो. पेटीत अशी पुडकी रांगेने लावलेली आहेत. माझा तर्क असा की परत जाऊन विकत असणार. युरोप श्रीमंत उगीच झालेलं नाही.

वत्सलाबाई म्हणाल्या, “घरी कुणासाठी तरी नेत असतील.” वत्सलाबाई म्हणजे आमचं कुटुंब. मी त्यांना पंचवीस वर्षं बाईच म्हणत आलो आहे. बायकांना प्रत्येक गोष्टीत घर दिसतं.

१४ जानेवारी, गुरुवार

स्वदेशी वडीने दाढी करून येन्सन बाहेर आला तेव्हा भिंतीला चुना मारताना मध्येच सोडून दिल्यासारखा दिसत होता. पण तक्रार नाही. “वास चांगला आहे,” एवढंच म्हणाला. स्वराज्याला अजून फेस येत नाही, हे वाक्य ‘चिमटा’च्या येत्या अंकात वापरावं. निवडणुकीच्या दिवसांत खपेल. पंधरा वर्षं हे साप्ताहिक असल्याच वाक्यांवर चाललं आहे, आणि माझं घरही.

१७ जानेवारी, रविवार

भद्रकालीत इनायतभाईंच्या अत्तराच्या दुकानी गेलो. इनायतभाईंची दाढी छातीपर्यंत आहे आणि तिच्यावर त्यांचा जीव. मी कामाचं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी मला पाहिलं, मग येन्सनला, मग आरशात स्वतःला.

“विसूअण्णा, मी दाढी राखणारा माणूस. माझ्याकडं दाढी उतरवायचं सामान मागता. उद्या खाटकाकडं जाऊन गायीचा चारा मागाल.”

“गावात तुमच्याइतकी दाढीची माहिती कुणाला आहे?”

“बात तो सही है.” आणि उठले. तुरटीचा खडा काढला. इतका स्वच्छ की पलीकडचं बोट दिसावं. म्हणाले, याने कापल्याचं रक्त थांबतं, पण पाण्यात जास्त घोळवू नका, रुसते. मग गुलाबपाणी. तळहातावर चार थेंब घालून येन्सनला हुंगायला दिलं. तो डोळे मिटून किती वेळ उभा होता. विचारलं, “म्हाताऱ्या माणसाच्या कातडीला चालेल का? पातळ असते, लगेच फाटते.” इनायतभाई म्हणाले, “माझ्या वालिदना शेवटपर्यंत हेच लावत होतो.”

हा माणूस चाळिशीचा, कातडी गेंड्याची. चौकशा मात्र पुढच्या तीस वर्षांच्या करतो. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

२० जानेवारी, बुधवार

आज गोटीरामला बोलावलं. गोटीराम आमचा पिढीजात न्हावी. सहा वर्षांपूर्वी मी सेफ्टी रेझर घेतला तेव्हापासून तो फक्त दिवाळीला पोस्त न्यायला येतो, आणि बोलता बोलता माझ्या गालावरच्या कापलेल्या जागा मोजतो.

गावातली निम्मी गिऱ्हाईकं आमच्यासारख्यांनीच त्याची मोडली. आता त्याचं घर चालतं ते रामकुंडावरच्या एका पायरीवर. आईबाप गेलेली माणसं सगळ्या मुलखातून इथे येतात, अस्थी कुंडात सोडतात आणि डोकं, दाढी, मिशा घाटावर उतरवतात. तिथे प्रत्येक न्हाव्याच्या घराण्याची पायरी ठरलेली. दुसऱ्याने तिथे बसायचं नाही. “बापाची पायरी हाय अण्णा,” गोटीराम म्हणाला. “ती हाय तवर आमी हाय.”

त्याच्या धोकटीत दोन वस्तरे निघाले. एक काळ्या मुठीचा, घरोघरच्या दाढ्यांचा. दुसरा फडक्यात बांधलेला. येन्सनने त्याकडे हात केला तर गोटीरामने धोकटी बाजूला घेतली. “त्यो घाटावरचा. जितेपणी त्याचं काम नाय.”

मग ओसरीवर येन्सनला बसवलं. येन्सन वाट पाहतोय साबणाची. साबण नाहीच. वाटीत पाणी घेतलं आणि गोटीराम आंगठ्याने त्याचा गाल चोळू लागला. पाण्याचा थेंब, आंगठा, पुन्हा थेंब, पुन्हा आंगठा. दहा मिनिटं. मला झोप यायला लागली. गाल आपला नसूनही मला तो आपलाच वाटू लागला. नंतर वस्तरा फिरला तो ऐकूसुद्धा आला नाही. माझ्या सेफ्टी रेझरचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जातो.

येन्सनने गालावरून हात फिरवला, उलटा फिरवला, आणि गोटीरामचा आंगठा हातात धरून निरखला, यंत्राचा एखादा दुर्मीळ भाग निरखावा तसा. गोटीराम लाजला.

“ह्येंना सांगा अण्णा, साबण ज्येच्या हातात येळ नाय त्येच्यासाठी असतो.”

मी सांगितलं. येन्सनने वहीत काहीतरी लिहिलं आणि मग अडला. ही पहिलीच वस्तू अशी की जी दोन घेता येत नाही. थोडा विचार करून म्हणाला, “मग शिकून नेतो.”

मी या गावात सत्तेचाळीस वर्षं राहतो. ही कला माझ्या ओसरीवर येत होती आणि मी तिला दिवाळीच्या पोस्तावर कटवलं. हे ‘चिमटा’त लिहिण्यासारखं नाही.

२४ जानेवारी, रविवार

शिकायला गाल लागतो. गोटीराम शिकवणार, येन्सन शिकणार, उरलो मी.

कबूल करतो, बसताना भ्यालो होतो. यंत्राचे बोल्ट पिळणारे ते पंजे. पण त्याने माझी मान उशी लावावी तशी हातावर घेतली, गळ्याशी फडकं खोचलं, हनुवटीखालची कातडी दोन बोटांनी हलकेच ताणली. माझ्या तोंडाशी वाकून डॅनिश भाषेत हळू हळू काही बोलत होता. काय म्हणालात असं विचारलं तर दचकला. म्हणे काही नाही, सवय. मध्येच थांबून विचारलं, “थंडी वाजते का?” उन्हात बसलो होतो.

मी काय म्हातारा आहे? वत्सलाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. आत गेल्यावर त्यांनी डोळे पुसले. कांदा चिरत असतील.

गोटीरामने माझा गाल तपासला. “उजवा चांगला झाला. डाव्याला घाई केली. पुढल्या ऐतवारी पुन्ना.” माझी संमती कुणी विचारली नाही.

३१ जानेवारी, रविवार

पुन्हा बसलो. डावाही साधला. गोटीरामने शिष्याच्या पाठीवर थाप मारली. गोऱ्या माणसाच्या पाठीवर! आणि आकाश कोसळलं नाही. येन्सनने दिवस मोजले: मार्चअखेर तो घरी पोचेल.

३ फेब्रुवारी, बुधवार

येन्सनला बोटीच्या टपालाने पत्र आलं. त्याने पाकिटावरचा शिक्का पाहिला आणि विचारलं, कोपनहेगनहून पत्र यायला किती दिवस लागतात. मी म्हटलं तीन आठवडे तरी. त्याने बोटांवर मागे मोजलं. दुपारी जेवला नाही. काल वांग्याच्या भाजीत तिखट जास्त पडलं होतं, मी वत्सलाबाईंना बोललोच होतो.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

काम रोजच्यासारखं करतो, पण दोन दिवस दाढी केलेली नाही. इतका शौकीन माणूस! कदाचित इथल्या हवेत केस वाढू देऊन पाहायचे असतील, प्रयोगशील आहे. पेटीतली ती सगळी पुडकी, देशांच्या नावांची, त्याने गोटीरामला देऊन टाकली. गोटीरामने घेतली आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

वत्सलाबाई म्हणाल्या, “घरून काही वाईट कळलं असेल. विचारा ना.”

मी म्हटलं, “युरोपियन माणसाला खाजगी विचारणं असभ्य समजतात.”

“आणि न विचारणं?”

बायकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो, असं मी अनेकदा छापलेलं आहे.

७ फेब्रुवारी, रविवार

येन्सनने घाट पाहायचा म्हटलं. रामकुंडाच्या वरच्या पायरीवर तासभर बसलो. खाली न्हाव्यांच्या पायऱ्यांवर माणसं येत, बसत, उठून जात. कुणी निजामाच्या राज्यातला, कुणी कच्छचा. सगळे उठताना एकाच घरचे दिसतात, हे आज माझ्या ध्यानात आलं.

त्याने विचारलं, “हे कोण?”

“ज्यांचे वडील किंवा आई गेली ते.”

“दूर असले, वेळेवर पोचले नाहीत, तरी?”

“बहुतेक तसेच. म्हणून तर इथे येतात.”

“यासाठी तुमच्या धर्माचं असावं लागतं?”

मी म्हटलं, “डोकं असावं लागतं, तेही आत काही नसलं तरी चालतं.” चांगला जमला होता. तो हसला नाही. भाषांतरात मरतात असे विनोद.

९ फेब्रुवारी, मंगळवार

आज हसून हसून पोट दुखलं. सकाळी छापखान्यात गेलो तर यंत्राखालून एक चकाकणारं डोकं बाहेर आलं. येन्सन! डोकं सफाचाट, मिशा साफ, वाढलेली दाढीही गेली. घारे डोळे तेवढे शिल्लक. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, “सकाळी गोटीरामकडे गेलो होतो. पायरीवर.”

बस, कळलं. बिचारा दाढी करायला म्हणून पहाटे घाटावर गेला, जाऊन पायरीवर बसला, आणि गोटीरामने सवयीने सगळंच उतरवलं! याहून चांगला विषय मला या वर्षी मिळालेला नाही. लेख एका बैठकीत झाला. ‘गोरा गोटा’.

१३ फेब्रुवारी, शनिवार

अंक दुपारपर्यंत संपला. जुन्या पायमशीनवर पुन्हा तीनशे काढावे लागले. रविवार कारंजाच्या चौकात लोक मोठ्याने वाचत होते. ‘साहेब साबणाच्या शोधात निघाला आणि केसांना मुकला, आमच्या घाटाने आजवर मेलेल्यांची सोय पाहिली, आता चुकलेल्यांचीही होऊ लागली.’ वकिलांनी पाठीवर थाप मारली. इनायतभाई मात्र म्हणाले, “लिखा अच्छा है, अण्णा,” आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळले.

१५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी गोटीराम आला. दिवाळी नाही, धोकटी नाही. ओसरीच्या खाली उभा राहिला.

त्याला पायरीवरून उठवलं आहे. अंक घाटावर वाचला गेला. उपाध्यायांत माझे सख्खे चुलतबंधू पुढारी. त्यांनी म्हटलं, विधीचा वस्तरा म्लेंच्छाच्या डोक्याला लागला, आता तो कुठल्या यजमानाला लावणार? घाटावरच्या न्हाव्यांच्या पंचांनी ठरवलं: गुरुवारी सकाळी गोटीरामने सगळ्यांसमोर तो वस्तरा कुंडात टाकायचा आणि चूक झाली म्हणायचं. नाही म्हटलं तर पायरी दुसऱ्याला.

मी म्हटलं, “मग म्हणून टाक चूक झाली. झालीच ना? तो दाढीला आला, तू डोकं केलंस.”

गोटीराम म्हणाला, “अण्णा, तुमाला ठावं नाय?”

“काय?”

“त्येंचा बाप गेला. पायरीवर बसला की आमी इचारतो, कोन गेलं. इचारल्याबिगर पानी लावत नाय. मला बाप ह्यो शबुद नऊ बोलीत कळतो. तंड्री म्हंत्यात, तंदे म्हंत्यात. ह्येंनी फादर म्हटलं. दहावी झाली.” मग म्हणाला, “सगळं सामान बापासाठीच घेत व्हते. बापाचा हात थराथरा कापायचा, तर घरी गेलं की ह्येच त्येंची दाढी करायचे. न्हाव्याच्या लेकानं बापाची दाढी. मला खुनेनं सांगितलं. मला कळलं.”

मला नाही कळलं. मी तर इंग्रजी जाणतो.

“वस्तरा बापाचा हाय, तरी टाकीन. पन चूक झाली कसं म्हनू? बाप गेलेल्या मानसाचं डोकं क्येलं. ह्यात चूक कुठली? आसं म्हटलं तर त्येंचं क्येलेलं वाया जाईल.”

मी पैसे देऊ केले. फार वाईट वाटतं तेव्हा मी हेच करतो. त्याने घेतले नाहीत. म्हणाला, “एक करा. तुमी लिवलंय त्ये येन्सनसायबांना वाचून दाखवा. त्येंच्यावर हाय, त्येंना कळाया पायजे.”

१६ फेब्रुवारी, मंगळवार

पंधरा वर्षांत मी कुणाकुणाला वाचून दाखवलं नाही! कलेक्टरला दाखवलं, शंकराचार्यांच्या कारभाऱ्यांना दाखवलं. आज अंक घेऊन छापखान्याच्या दारातून दोनदा परत फिरलो.

येन्सन यंत्राच्या रुळांना तेल देत होता. मी उभ्याउभ्या ‘गोरा गोटा’ इंग्रजीत सांगू लागलो. तो तेल देत ऐकत होता. ‘चुकलेल्यांचीही सोय’ या वाक्यावर त्याने विचारलं, “हे मराठीत हसू येण्यासारखं आहे?”

“होतं.”

“बरं. पुढे?”

पुढचे दोन परिच्छेद संपवले. या दोन परिच्छेदांवर मी शनिवारी स्वतःच खूश होतो. संपल्यावर म्हटलं, मला माहीत नव्हतं. तुम्ही का बोलला नाहीत?

त्याने चिंधीला हात पुसले. रागावला नव्हता. “तुम्ही विचारलं नाही,” तो म्हणाला. “त्याने विचारलं. माझी भाषा येत नसूनही विचारलं.”

मग गोटीरामवर काय आलं ते सांगितलं. तेव्हा मात्र तो कपाटासारखा माणूस मटकन खोक्यावर बसला. म्हणाला, मी पंचांकडे जातो, दोष माझा. मी म्हटलं, तुम्ही गेलात तर आणखी बिघडेल. ते माझं काम आहे. कसं करायचं ते ठाऊक नाही.

१७ फेब्रुवारी, बुधवार

चुलतबंधूंकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि शास्त्र सांगितलं. शास्त्रातला वस्तऱ्याचा श्लोक मागितला तर दुसरा चहा दिला.

तिथून पंचांतल्या वडीलधाऱ्या देवरामकडे. सत्तरीचा म्हातारा, ओट्यावर वस्तऱ्याला धार देत बसला होता. मी माझं म्हणणं मांडलं. त्याने मान वर केली नाही.

“आमी बी पाह्यलं व्हतं, अण्णा. पहाटं त्या दिवशी मी तिसऱ्या पायरीवर व्हतो. समद्यांनी पाह्यलं. आन् समद्यांनी दुसरीकडं त्वांड क्येलं. मानूस रडत व्हता. घाटावर रडनाऱ्याची जात कोन इचारतं? झालं गेलं गंगेला मिळालं असतं.” दगडावर पाणी शिंपडलं. “तुमी छापलं. आता न पाह्यल्यासारखं कसं करू?”

 एक गोष्ट मात्र रात्रीपासून टोचते आहे. याच गावात देवळाच्या दाराशी माणसं पाच वर्षं आत घ्या म्हणून बसली होती, तेव्हा ‘चिमटा’ने दोन्ही बाजूंना गुदगुल्या केल्या आणि कुणालाही चिमटा काढला नाही. आता एका गोऱ्याच्या आणि एका पायरीच्या निमित्ताने माझा जीव तळमळतो, तर त्याचा फार अभिमान धरू नये.

देवरामच्या ओट्यावरून उठताना मात्र सुचलं. छापलेलं परत घेता येत नाही. पण वस्तरा बाटला आहे की नाही हे ठरवायला एक डोकं लागेल, आणि ते आम्हा गायधन्यांपैकी एकाचं असेल तर बरं. आमची आठ पिढ्यांची उपाध्येगिरी आहे, मी ती करत नसलो तरी.

वत्सलाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “पंचा धुतलेला आहे.”

१८ फेब्रुवारी, गुरुवार

उजाडताना घाटावर गेलो. येन्सन बरोबर आला आणि माझा कोट हातावर घेऊन वरच्या पायरीवर थांबला. खाली देवराम, सात-आठ पंच, चार उपाध्याय आणि आमचे चुलतबंधू. गोटीराम आपल्या पायरीवर बसला होता. समोर फडकं उलगडलेलं, त्यावर वस्तरा.

देवराम म्हणाला, “अण्णा, लिवायला आलात?”

“नाही. करून घ्यायला.” आणि गोटीरामसमोर बसलो. “काढ तो वस्तरा.”

कुणीतरी हसलं. गोटीरामने वस्तऱ्याला हात लावला नाही. “ह्या पायरीवर उगंच कुनाचं होत नाय, अण्णा. कोन गेलं त्ये सांगावं लागतं.”

याची मी तयारी केली नव्हती. 

“वडील,” मी म्हणालो.

“कवा?”

“बारा वर्षं झाली.”

हे मी या वहीतही कधी लिहिलं नाही. वडील गेले तेव्हा मी पुण्यात व्याख्यान देत होतो. तार मिळाली तरी व्याख्यान पुरं केलं. आल्यावर क्षौर केलं नाही, सुधारक होतो. उलट त्यावर एक खुसखुशीत लेख लिहिला आणि तो गाजला. आई तो अंक देवघरात पालथा घालून ठेवायची. लेखाचं कौतुक इतकं झालं, की वडील गेले आहेत हे मला निवांतपणे आठवायला कधी फुरसतच मिळाली नाही.

गोटीरामने वाटी पुढे ओढली. “म्हंजी राह्यलंच व्हतं,” म्हणाला, आणि वाटीत बोटं बुडवली.

त्या पाण्याविषयी काय लिहू? आमच्या गोदागंगेचं, माघातलं, गार. त्याचा आंगठा माझ्या टाळूवर फिरू लागला तसं आधी वाटलं सगळे पाहताहेत, मग वाटलं पाहोत, मग काहीच वाटेना. त्याने घाई केली नाही. जगात कुणी आपल्या कामाला इतका वेळ देत असेल तर ते काम म्हणजे विद्याच. मान, कानामागची जागा, कपाळ. प्रत्येक ठिकाणी आधी आंगठा विचारून येई आणि मागून वस्तरा. मिशा उतरल्या तेव्हा ओठाला वारं लागलं. माझे डोळे वाहत होते. चेहरा ओलाच होता, त्यामुळे कुणाला कळलं नसेल. गोटीरामला कळलं असेल. त्याने पंचा पुढे केला.

चुलतबंधू दोन पायऱ्या खाली आले. “विश्वनाथ, तू काय केलंस तुला समजतंय का? बाटलेला वस्तरा—”

“तर मग मी बाटलो,” मी म्हणालो. “सांगा सगळ्यांना, गायधनी बाटले.”

 तेही गायधनीच. उपरणं सावरून ते संध्येला गेले.

देवरामने आपल्या पंचांकडे पाहिलं.  त्याने गोटीरामच्या फडक्यावरचा वस्तरा उचलला, नखावर धार पाहिली आणि परत ठेवला. “पायरी गोटीरामची,” एवढंच म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “पन अण्णा, ह्ये छापू नका.”

“नाही छापणार.”

“न्हाय म्हंजी, कितीबी चांगलं सुचलं तरी.”

“तरी.”

मी उठायला हवं होतं, पण पंचाने डोकं पुसत बसूनच राहिलो. वर येन्सन कोट घेऊन तसाच उभा होता, दोघांची डोकी उन्हात सारखीच चमकत असणार. एवढ्यात वरून एक माणूस उतरला. तेलंगणातला असावा, हातात लाल फडक्याने बांधलेलं मडकं, बरोबर कुणी नाही, चालून चालून पायांना भेगा. आमची भांडणं, अंक, पंच, त्याच्या गावीही नव्हतं. त्याने मडकं कडेवरच्या लेकरासारखं धरलं होतं. तो गोटीरामच्या पायरीपाशी येऊन थांबला आणि बसायला जागा शोधू लागला.

“अण्णा, जरा सरका,” गोटीराम म्हणाला. “त्येंना बसू द्या.”

मी सरकलो.